यंत्रांची एकशिक्षकी शाळा

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांस एकशिक्षकी शाळा म्हणजे काय हे सांगावयास नको. प्रस्तुत वक्त्याने धाराशिव जिल्ह्यातील अशाच एका शाळेत आयुष्याची पुष्कळ वर्षे काढली. खोली एक, फळा एक, मास्तर एक. वर्ग मात्र चार. पहिलीची मुले पाटीवर अक्षरे गिरवीत असता तिसरीस पाढे म्हणावयास लावावे, पाढे चालू असता चौथीस गणित घालावे, आणि ते सुटेपर्यंत दुसरीचा धडा वाचून घ्यावा, असा तो संसार. त्यातील कसब एवढेच, की मास्तर आपल्याच वर्गाचे आहेत असे प्रत्येक वर्गास वाटले पाहिजे. आज आपणांपुढे जो इतिहास मांडावयाचा आहे तो संगणकाचा आहे. परंतु त्याचे मर्म मला या खोलीच्या आठवणीनेच उमगले, म्हणून आरंभ तेथून केला.

विषय असा : यंत्रे ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते नियम निर्दोष आहेत किंवा नाहीत, हे एकाच संगणकाच्या पोटात अनेक संगणक उभे करून कसे पाहता येते, आणि ही सोय मनुष्यास कशी लाभली.

प्रथम नियमांविषयी. यंत्रांच्या संभाषणाच्या नियमांस प्रोटोकॉल असे म्हणतात. रजिस्टर पत्राची पोचपावती आपल्या पिढीच्या चांगल्या ओळखीची आहे. पत्र धाडावे, पोच येण्याची वाट पाहावी, योग्य मुदतीत ती न आल्यास पुन्हा पत्र धाडावे, असा आपला परिपाठ होता. यंत्रेही हेच करितात. मोठ्या मजकुराचे ती लहान लहान तुकडे पाडतात, प्रत्येकावर क्रमांक घालून तो रवाना करितात, आणि पोच न आल्यास तोच तुकडा पुन्हा धाडतात. नियम दिसावयास इतका सोपा आहे, की यात चूक ती काय व्हावयाची असे वाटते. परंतु मौज अशी, की एकट्या यंत्रात जी चूक कधीच दिसत नाही ती चार यंत्रे एकत्र आली म्हणजे दिसू लागते. शिक्षकास हे नवल वाटत नाही. एकटा असता अत्यंत शहाणा असणारा मुलगा टोळक्यात काय करील याचा भरवसा कोणी द्यावा?

इतिहासातील तीन प्रसंग सांगतो. अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे विणले जात असता २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या यंत्राने दूरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील यंत्रास पहिला शब्द धाडावयास घेतला. शब्द होता 'लॉगिन'. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली, आणि तिसऱ्या अक्षरास पलीकडचे यंत्र बंद पडले. सुमारे तासाभराने दुरुस्ती होऊन काम पार पडले. म्हणजे यंत्रांच्या संभाषणाचा इतिहासच मुळी अडखळण्याने सुरू झाला.

दुसरा प्रसंग २७ ऑक्टोबर १९८० चा. तोवर हे जाळे बरेच विस्तारले होते. रस्त्यांची खबर देणाऱ्या निरोपांस ० ते ६३ असे क्रमांक देत. ६३ नंतर पुन्हा शून्य, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे. दोन निरोपांपैकी नवा कोणता, हे तबकडीवरील अंतरावरून ठरविण्यात येई. त्या दिवशी यंत्रातील बिघाडामुळे एका निरोपाच्या क्रमांकातील काही खुणा गळाल्या, आणि ८, ४० व ४४ अशा क्रमांकांचे तीन निरोप एकदमच फिरू लागले. आता नियम पाहा. ४० हा ८ हून नवा. ४४ हा ४० हून नवा. आणि तबकडी गोल असल्यामुळे ८ हा ४४ हून नवा! प्रत्येक यंत्राने इमानेइतबारे नियम पाळला, आलेला प्रत्येक निरोप नवा समजून पुढे धाडला, आणि त्या तीन निरोपांच्या फुगडीत सारे जाळे काही तास निकामी झाले. नियम मोडणारा त्यात कोणी नव्हता; खोट नियमातच होती.

तिसरा प्रसंग ऑक्टोबर १९८६ चा. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांच्यामधील वाहतूक सेकंदास ३२ हजार बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आली. कारण तेच, पोचपावतीचे. गर्दीमुळे पोच उशिरा येऊ लागली. पोच येत नाही असे पाहून प्रत्येकाने तीच पत्रे पुन्हा धाडली. त्यामुळे गर्दी अधिकच वाढली. व्हॅन जेकबसन या संशोधकाने १९८८ मध्ये त्यावरील उपाय प्रसिद्ध केला. पोच येईनाशी झाली की जोर करू नये, हात आखडता घ्यावा, असे त्याचे सार.

या तिन्ही प्रसंगांतून एकच प्रश्न उभा राहतो. जे दोष चार यंत्रे एकत्र आल्यावाचून दिसत नाहीत, ते जगास ताप होण्यापूर्वी पाहावयाचे कोठे? चार यंत्रे विकत घ्यावी म्हटले तर खर्च. आणि चालत्या जाळ्यावर प्रयोग करावा म्हटले तर इतरांचे काम मोडते.

याचे उत्तर एका निराळ्याच खटपटीतून आले. १९६० च्या सुमारास संगणक म्हणजे खोली व्यापणारे, अतिशय महाग यंत्र होते. एका वेळी एकानेच ते वापरावे हे परवडणारे नव्हते. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एका यंत्राचा वेळ अनेकांत क्षणाक्षणाने वाटून दाखविला. एकशिक्षकी शाळेचा पहिला वर्ग तो हा. पुढे त्याच गावी, म्हणजे अमेरिकेतील केंब्रिज येथे, आय.बी.एम. कंपनीच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो प्रभृतींनी आणखी एक पाऊल टाकले. वेळच तेवढा का वाटावा? प्रत्येकास संबंध यंत्रच दिल्याचा भास का निर्माण करू नये? जानेवारी १९६७ पासून त्यांची 'सीपी-४०' ही प्रणाली नित्य वापरात आली. एका यंत्रावर चौदापर्यंत आभासी यंत्रे ती चालवू शके. हीच व्हर्च्युअल मशीन. १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' या नावाने आय.बी.एम.ने ही विद्या आपल्या ग्राहकांस खुली केली.

हे घडते कसे? मुख्य यंत्रावर एक देखरेख करणारा प्रोग्रॅम बसतो. तोच आपला मास्तर. प्रत्येक आभासी यंत्रास तो स्मरणशक्तीचा स्वतंत्र वाटा देतो, म्हणजे ज्याची त्याची पाटी. शेजाऱ्याच्या पाटीवर लिहिण्याची कोणास मुभा नाही. आणि एखाद्याने साऱ्या खोलीस बाधेल अशी आज्ञा दिली, तर ती मधल्यामध्ये अडवून, त्या यंत्रास 'झाले बरे' असे वाटेल इतपतच ती पार पाडितो. शाळेची घंटा मुलांनी परस्पर वाजवू नये, हात वर करावा, हा आमचा नियम अगदी याच जातीचा.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले, डॉ. श्रीनिवासन रमणी हे त्याचे संचालक. १९८६ मध्ये केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साह्याने 'एर्नेट' हे शैक्षणिक जाळे आरंभिले गेले. मुंबईचे हे केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठजण त्यात होते. १९८६-८७ मध्ये मुंबईचे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. १९८९ मध्ये मुंबईतून अमेरिकेशी संबंध जोडला गेला, आणि सामान्य जनतेस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. या आठ संस्थांची नावे वाचताना माझ्यासारख्या खेड्यातील शिक्षकाच्या मनात एक गोष्ट आल्यावाचून राहात नाही. यंत्रांचे बोलणे प्रत्यक्ष पाहावयाचे तर दोन यंत्रे हवीत, तार हवी, मोडेम हवा. आणि हे सारे मोठ्या संस्थांतच होते. आमच्या भागातील मुलास ती विद्या पुस्तकात वाचावी लागे, तीही पुस्तक मिळाल्यास.

हा पडदा दूर झाला तो १९९९ नंतर. त्या वर्षी व्हीएमवेअर या कंपनीने घरगुती संगणकावर आभासी यंत्रे चालविणारी आपली पहिली वस्तू विकावयास आणली. त्याच वर्षी जेफ डाइक यांनी लिनक्सच्या पोटात लिनक्सच एक साधा प्रोग्रॅम म्हणून चालवून दाखविले. २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांचे 'क्यूएमू' आणि २००७ मध्ये 'व्हर्च्युअलबॉक्स' ही साधने विनामूल्य मिळू लागली. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 'मिनिनेट' पुढे आणले. पुरती यंत्रे न उभारता केवळ त्यांचे पृथक् कप्पे करून एका लॅपटॉपवर शेकडो ठिकाणांचे जाळे मांडता येते, असे त्यांनी दाखविले.

याचा अर्थ मला कळला तो माझ्या ओसरीवर. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. शेतमजुराचा मुलगा, आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जवळ एकच लॅपटॉप, तोही दुसऱ्याकडून घेतलेला. त्याच्या पडद्यावर तीन खिडक्या उघडून तो म्हणाला, "गुरुजी, ही तीन यंत्रे आहेत असे समजा. हे धाराशिव, हे सोलापूर, हे पुणे." धाराशिवाचा निरोप सोलापुरावरून पुण्यास जाई. रस्ता शोधण्याचे नियम त्याने स्वतः लिहिले होते. मग त्याने सोलापूर आणि पुणे यांच्यामधली आभासी तार तोडली.

जे झाले ते पाहण्यासारखे होते. सोलापुराने शेजाऱ्यास विचारले, पुण्याचा रस्ता आहे काय? धाराशिव म्हणाले, आहे, दोन मुक्कामांचा. हा रस्ता सोलापुरावरूनच जातो, हे सांगावयाचे मात्र ते विसरले! सोलापुराने आपल्या वहीत तीन मुक्काम लिहिले. ते ऐकून धाराशिवाने चार केले. मग सोलापुराने पाच. आकडा चढत चालला आणि निरोप दोन गावांमध्ये हेलपाटे घालीत राहिला. या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा अर्ज आपण सर्वांनी पाहिला आहे. अखेर १६ वर गाडी थांबली. इतके मुक्काम झाले म्हणजे रस्ताच नाही असे समजावे, हा 'रिप' नावाच्या प्रोटोकॉलमधील जुना दंडक त्याने घातला होता. मी विचारले, "अरे, मग यावर उपाय काय?" तो म्हणाला, "गुरुजी, ज्याच्याकडून रस्ता कळला त्यालाच तो उलट सांगायचा नाही." त्याने चार ओळी दुरुस्त केल्या, तार पुन्हा तोडली, आणि सोलापूर तत्काळ म्हणाले : रस्ता नाही.

आर्पानेटची आरंभीची रस्ते शोधण्याची रीत याच जातीची होती, आणि असल्याच दोषांपायी ती १९७९ मध्ये टाकून द्यावी लागली. तिच्या जागी जी नवी रीत आली तिनेच १९८० ची ती फुगडी घातली. ज्या धड्यासाठी एका राष्ट्राचे जाळे खर्ची पडले तो धडा माझ्या ओसरीवर कोणाचेही काही न बिघडता पाऊण तासात गिरविला गेला.

परंतु एकशिक्षकी शाळेची उणीव शिक्षकाने लपवू नये. आपल्या खोलीत धीटपणे बोलणारा मुलगा परगावच्या परीक्षाकेंद्रात गप्प बसतो. एका संगणकातील सर्व आभासी यंत्रे अखेर एकाच घड्याळावर चालतात, आणि त्यांच्यामधील तार कधी उंदीर कुरतडीत नाही. १९८० साली ज्या गळालेल्या खुणांनी अनर्थ केला त्या तेथे आपोआप गळणार नाहीत. परीक्षकाने त्या मुद्दाम गाळाव्या लागतात. लिनक्समध्ये तशी सोय आहे : शंभरांतील एक तुकडा हरवावा, दुसरा उशिरा पोहोचवावा, तिसऱ्याचा क्रम उलटावा. जो आपल्याच कृतीशी असा खोडकरपणा करील त्याचीच परीक्षा खरी. आणि त्यानंतरही खरी तार, खरे अंतर आणि खरा उन्हाळा यांच्यापुढे तिला एकदा उभे करावेच लागते.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. एका गावी रेशनच्या दुकानापुढे मी म्हाताऱ्या बायांची रांग पाहिली आहे. अंगठा लावून झाला होता, धान्य समोर होते, आणि दोन यंत्रांचे बोलणे मात्र जुळत नव्हते. दुपार टळली तेव्हा त्यांस उद्या या म्हणून सांगण्यात आले. त्या दिवशी बुडालेली मजुरी कोणत्याही वहीत नोंदली गेली नाही. असल्या खोळंब्यांपैकी काही तरी कोणाच्या ओसरीवर, एका जुन्या लॅपटॉपच्या पोटात, आधीच सापडण्यासारखे असतात. ते शोधण्याचे साधन आता आपल्या मुलांच्या हातात आले आहे. माझा तो विद्यार्थी जाताना म्हणाला, "गुरुजी, आता चौथे गाव जोडतो." त्यास म्हटले, जोड, पण त्याची तार आधी तोडून पाहा.