तंजावरी मुदपाकखान्याची वही

तंजावरात व्यंकोजी भोसल्यांनी १६७० च्या दशकात मराठी सत्ता आणली. तिच्याबरोबर मराठी मांसाहारी स्वयंपाकही कावेरीकाठी रुजला. दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) मुदपाकखान्यातल्या कृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात उतरल्या. शाकाहारी, मांसाहारी आणि चक्क इंग्रजी पदार्थांच्याही. हा मोलाचा ऐवज सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला.

प्रत्येक मुदपाकखान्याच्या कृती वेगळ्या असल्या, तरी भाजण्याआधी मांस मुरवण्याची युक्ती मात्र दूरदूरच्या चुलींवर सारखीच. कोरियात गाल्बीसाठी गोमांसाच्या बरगड्या सोया सॉस, लसूण, साखर, तिळाचे तेल आणि किसलेल्या नाशपतीत मुरवतात. भारतात मांस मऊ करण्याचे काम कच्ची पपई करते. तिच्यातले पपेन प्रथिने तोडते, त्यामुळे चिवट तुकडाही निखाऱ्यावर लुसलुशीत होतो.