संवादी सफरी : प्रेक्षक ते पात्र

थीम पार्कमधील सफरीत प्रवासी पूर्वी बहुधा केवळ प्रेक्षक असे. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘मेन इन ब्लॅक : एलियन अ‍ॅटॅक’ने त्याच्या हाती बंदूक दिली. परग्रहवासीयांवर नेम धरून मिळवलेल्या गुणांवर कथेचा शेवट ठरू लागला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये २०१९ साली खुल्या झालेल्या ‘मिलेनियम फाल्कन : स्मगलर्स रन’ने सहा प्रवाशांना भूमिकाच वाटून दिल्या : दोन वैमानिक, दोन तोफा चालवणारे, दोन अभियंते. वैमानिक चुकला, की यान आदळे आणि दुरुस्ती अभियंत्यांवर येई. मात्र केवळ उपकरण पुरेसे नसते. लक्ष गुणफलकावरच खिळले, तर कथा निसटते; कृतीचा परिणाम कथेत उमटला, तरच प्रवासी तिचे पात्र होतो.