मांडवीचा गाळ

गोव्याच्या इतिहासात कदंब, आदिलशाह, पोर्तुगीज अशी सगळ्यांना पानंच्या पानं मिळतात. गाळाला एक वाक्य. जुनं गोवं साथींनी आणि गाळाने ओस पडलं, १७५९ साली व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. झालं! मला हल्ली त्या गाळाचंच कुतूहल वाटतंय. (घरच्यांनी हसून घ्यावं.)

कोकणातल्या सगळ्या नद्यांचा चिखल एक नसतो. उत्तरेकडच्या नद्या दख्खनच्या बेसॉल्टवरून येतात, त्या स्मेक्टाइट नावाची चिकणमाती आणतात. पाणी पिऊन फुगणारी, देशावरच्या काळ्या मातीतली तीच. गोव्यातला बराचसा खडक त्याहून खूप जुना. धो धो पावसात त्यातली सिलिका, चुना, सोडा वाहून जातात आणि मागे केओलिनाइट नि लोखंडाची ऑक्साइडं उरतात. तोच जांभा, ज्याचे चिरे आपण घराला लावतो. म्हणजे मांडवीच्या पाण्यात लोखंड पहिल्यापासूनच आहे, खाणी नव्हत्या तेव्हाही होतं.

खाडीत खरी गंमत. गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. खारं पाणी लागलं की एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात, विरघळल्यासारखं दिसणारं लोखंडही त्यांच्याबरोबर खाली जातं. उन्हाळ्यात भरतीचा जोर पन्नासेक किलोमीटर आत जाणवतो, पावसाळ्यात गोडं पाणी समुद्राला मागे रेटतं. त्यामुळे गाळ बसण्याची जागा ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकते. खालच्या थरात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि लोखंडाचं काळं सल्फाइड तयार होतं. खाडीच्या चिखलाचा रंग नि तो कुजक्या अंड्याचा वास त्यामुळेच.

या वहीत विसाव्या शतकाने लाल शाई ओतली. पोर्तुगीजांचा खाण कायदा १९०६ चा, पण जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानला लोखंड हवं होतं तेव्हा. पुढे चीन आला. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या वर लोहखनिज गेलं. टनभर खनिजामागे दोन-अडीच टन तरी माती बाजूला टाकावी लागते आणि त्या ढिगाऱ्यांवर आपला पाऊस! शिवाय मांडवी-जुवारीतून मुरगावला जाणाऱ्या बार्जेस भरताना सांडायचं ते वेगळंच.

मग जांभ्याचं लोखंड कुठलं आणि खाणीचं कुठलं, हे ओळखायचं कसं? नुसत्या लाल रंगावरून नाही. गाळात नळी खुपसून थर काढतात आणि लोखंड, मँगनीज यांचं ॲल्युमिनियमशी प्रमाण बघतात, कारण ॲल्युमिनियम मुख्यतः मातीबरोबर येतं. चुंबकीय गुणही मोजतात, कारण खनिजातलं हेमॅटाइट त्यात वेगळं उठून दिसतं. खोल थराशी वरचा थर ताडून बघितला की माणसाचा हात दिसतो. कोणी शपथेवर काय सांगितलं याच्याशी चिखलाला देणंघेणं नसतं, हे मला फार आवडतं.

आमच्या आत्याचं डिचोलीकडे शेत होतं. पावसात ओढ्याने लाल रेंदा आणून टाकला, वाळल्यावर तो सिमेंटसारखा घट्ट झाला आणि भाताचं रोपही रुजेना. कुठल्या खाणीचा, ते लिहीत नाही. भरपाईचे कागद आत्येभावाच्या कपाटात आहेत.

२०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले आणि नंतर काही खाणी पुन्हा चालू झाल्या. तळचा थर मात्र तिथेच आहे. तो उपसला, त्याला हवा लागली, की सल्फाइडात अडकलेले धातू पाण्यात सुटू शकतात. खाजनांच्या मानशीतून भरतीचं पाणी आत घेतात ते याच खाडीचं. तेव्हा गाळ काढायची निविदा निघेल, त्या आधी चिखल तपासून घेतलाय का, एवढं दिवाडी-कुंभारजुव्याच्या मंडळींनी जरूर विचारावं.