जंगल कार्बाइन : खरी कोणती?
१९४४ साली ब्रिटिशांनी जंगलातल्या लढाईसाठी ली-एनफिल्ड रायफल आखूड आणि हलकी केली. तिचे अधिकृत नाव ‘नंबर ५ मार्क १’. हलकेपणामुळे खांद्याला धक्का मात्र जोरात बसे. नेम सरकतो, अशीही तक्रार झाली आणि १९४७ मध्ये उत्पादन थांबले. पुढे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना दाट झाडीत हरणामागे फिरायला हीच आखूड बंदूक सोयीची वाटली. १९५०च्या दशकात तिथल्या व्यापाऱ्यांनी लष्कराच्या जुन्या ‘नंबर ४’ रायफली कापून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या. त्यामुळे जाणकार संग्राहक नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाही. तो लाकूड उतरवतो आणि नळीच्या मुळाशी वजन घटवण्यासाठी पाडलेल्या खाचा शोधतो. त्या नसतील, तर ती बंदूक युद्धासाठी नव्हे, बाजारासाठी घडवलेली.