प्रभावाची दिशा : अहमदाबादच्या ध्वनिफितींच्या निमित्ताने

आधुनिक कलांच्या इतिहासात 'प्रभाव' ही संज्ञा इतक्या सहजपणे वापरली जाते की तिच्यात एक दिशा आधीच गृहीत धरलेली आहे, हे लक्षातही येत नाही. पश्चिमेत काही घडते, त्याची लाट काही वर्षांनी इकडे पोचते, आणि ती कोठे व केव्हा पोचली एवढे समीक्षकाने नोंदवायचे. देशीवादी मांडणी या लाटेला विरोध करते. परंतु दिशा मात्र तीच मान्य करते. हॅरल्ड ब्लूमने १९७३ मध्ये प्रभावाला पिता-पुत्राच्या झगड्याचे रूप दिले खरे, पण त्या झगड्यातही पिता कोण हे ठरलेलेच असते. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासातील अहमदाबादचे प्रकरण या सर्वच मांडण्यांना अडचणीचे ठरावे असे आहे.

१९४६ मध्ये गीता साराभाई पाश्चात्त्य संगीत समजून घेण्यासाठी न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केजकडे शिकू लागल्या. केजने शुल्क घेतले नाही. त्याऐवजी त्यांनी आपल्याला भारतीय संगीत शिकवावे अशी अट घातली. संगीताचे प्रयोजन काय, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले : मन निवळून शांत करणे आणि त्याला दैवी प्रभाव ग्रहण करण्याजोगे करणे. हे उत्तर केज पुढे आयुष्यभर सांगत राहिला. प्रभाव म्हणजे दुसऱ्याची सत्ता नव्हे, तर ग्रहणक्षमता, असा अर्थ येथे सूचित होतो. पाश्चात्त्य समीक्षेतील चिंताग्रस्त अर्थापेक्षा तो अगदी निराळा आहे. १९५२ मध्ये केजची चार मिनिटे तेहेतीस सेकंदांची निःशब्द रचना वुडस्टॉक येथे प्रथम सादर झाली. तिचे मूळ केवळ या उत्तरात शोधणे भाबडेपणाचे होईल. आनंद कुमारस्वामींचे लेखन आणि झेन विचार हेही केजच्या घडणीत होतेच. तथापि त्या रचनेच्या वेळी पियानोसमोर बसलेला डेव्हिड ट्यूडर हाच १९६९ मध्ये अहमदाबादला आला, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. त्यापूर्वी १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंस्थेबरोबर केज आणि ट्यूडर अहमदाबादला येऊन गेले होते. गुरू आणि शिष्य यांच्या जागा एव्हाना अनेकदा बदलल्या होत्या.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत गीताबेनचे बंधू गौतम आणि भगिनी गिरा यांचा पुढाकार होता. तेथे ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. या यंत्रात विद्युतदाब बदलला की स्वराची उंची बदलते. दाब सलग बदलता येत असल्यामुळे स्वरही सलग सरकू शकतो. पट्टीच्या बारा समान पायऱ्या हा त्याचा स्वभाव नव्हे, त्याला जोडलेल्या कीबोर्डचा आहे. मींडेवर वाढलेल्या कानाला हे यंत्र पियानो किंवा हार्मोनियमइतके परके वाटण्याचे कारण नव्हते. (हार्मोनियमविषयीचा आपल्याकडील जुना वाद येथे आठवल्यावाचून राहत नाही.) गीता साराभाई, आय. एस. मथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि वास्तुकलेचा तरुण विद्यार्थी जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. देसाईंचे काही ध्वनिमुद्रण ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनासाठी होते. जोशीपुरांची रचना अवकाशप्रवासाच्या कल्पनेवर उभी आहे. यांतील कोणालाही 'अनुकरण' म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि 'भारतीय मुळे' म्हणून मिरवताही येत नाही.

मात्र या रचनांचा पुढे कोणावरही प्रभाव पडला नाही. १९६९ ते १९७२ या काळातील ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ मध्ये संगीतकार पॉल परगस यांच्या त्या हाती लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. मराठी अभ्यासकाला येथे महानुभाव वाङ्मयाचे स्मरण व्हावे. सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झालेले 'लीळाचरित्र' विसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला अप्राप्य होते. परिणामी मराठी गद्याची वंशावळ त्याला वगळूनच कल्पिली गेली. फरक एवढाच की त्या पोथ्यांना पंथात वाचक होते. फितींना श्रोताच उरला नव्हता.

संगीताची वंशावळही अशीच कल्पिली गेली आहे. रचनेच्या प्रकल्पासाठी पूर्वसूरी शोधणारा विद्यार्थी पॅरिसमधील पिएर शेफरच्या १९४८ मधील ध्वनि-अभ्यासांपासून निघतो, कलोन आकाशवाणीच्या स्टुडिओकडे वळतो आणि तेथून न्यूयॉर्कला पोचतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला केज भेटतो. केजला १९४६ मध्ये भेटलेली अहमदाबादची विद्यार्थिनी त्याला तळटीपेत सापडते. तिने पुढे स्वतः त्याच यंत्रावर काय रचले, हे मात्र जवळजवळ अर्धे शतक त्याला ऐकताच आले नसते.