दप्तरातला अष्टकोन

ओरोसच्या कचेऱ्यांत कागदावर पडणारा शिक्का बहुधा गोल असतो. शिवाजी महाराजांचा अष्टकोनी होता, आणि तोच आकार आज भारतीय नौदलाच्या निशाणावर आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग बघायला जाणाऱ्याला साहजिकच वाटतं, की हा अष्टकोन महाराजांच्या आरमारातून, एखाद्या गलबताच्या शिडावरून उतरला असणार. पण त्याचं कूळ समुद्रावरचं नाही, दप्तरातलं आहे.

या मुद्रेचं गाजलेलं जुनं पत्र 28 जानेवारी 1646 चं. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडल्याची हकिकत त्यात आहे. पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. आठ बाजूंच्या चौकटीत संस्कृत मजकूर ओळीखाली ओळ बसवलेला: प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, असा त्याचा भावार्थ. आजूबाजूचे दरबार फारसीत शिक्के उठवत असताना हा संस्कृतात. तेव्हा महाराजांपाशी एकही गलबत नव्हतं. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो 25 नोव्हेंबर 1664 रोजी, म्हणजे अठरा वर्षांहून अधिक काळाने.

नौदलाच्या निशाणाची गोष्ट याहून वळणावळणाची. 1950 साली कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, पण पांढऱ्यावरचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस तसाच राहिला. तो काढावा असं व्हाइस अ‍ॅडमिरल बार्बोझा यांनी सत्तरच्या दशकातच सुचवलं होतं. काढला 2001 साली. जागी नौदलाचं निळं बोधचिन्ह आलं. मग जे झालं ते कागदावर चिन्हं काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. खुल्या समुद्रात ते निळं चिन्ह निळ्या आभाळात आणि निळ्या पाण्यात मिसळून जाई. लांबून निशाण ओळखूच येईना, अशी तक्रार झाली. 2004 साली क्रॉस परत आला, मध्यावर अशोकस्तंभाची राजमुद्रा घेऊन. 2014 साली तिच्याखाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’ची भर पडली. निशाण सुंदर असून भागत नाही, ते दिसावं लागतं.

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत विमानवाहू युद्धनौका विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच समारंभात आजचं निशाण उलगडलं. क्रॉस गेला. गडद निळा अष्टकोन, त्याला सोनेरी दुहेरी किनार, आत नांगरावर राष्ट्रचिन्ह, आणि वरुणाने आमचं कल्याण करावं असं मागणारं नौदलाचं बोधवाक्य. दुहेरी किनार महाराजांच्या मुद्रेवरून घेतल्याचं नौदलाने सांगितलं. आठ बाजू म्हणजे आठ दिशा, असंही. हा दिशांचा अर्थ नौदलाचा. मुद्रेच्या मजकुरात दिशांचा उल्लेख नाही. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, चिन्हांचं असंच होतं. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेत 1966 पासून छातीवर दिसणारं बाणाच्या टोकासारखं चिन्ह घ्या. ते विल्यम वेअर थीस या वेशभूषाकाराचं काम, म्हणजे कपड्यावरचा बिल्ला. आज ते साऱ्या मालिकेची ओळख होऊन बसलंय.

आपल्या किनाऱ्याचा या कुळकथेशी थेट संबंध येतो तो 4 डिसेंबर 2023 रोजी. त्या वर्षीचा नौदल दिन मालवणात झाला. तिथेच पंतप्रधानांनी जाहीर केलं, की अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या एपॉलेट्सवरही शिवाजी महाराजांच्या वारशाची छाया दिसेल. त्याच दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. एपॉलेट्सचं काम मात्र महिन्याभरात उरकलं होतं: डिसेंबर संपायच्या आत नवा नमुना जाहीर झाला. सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. हा नमुना फक्त अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी. रिअर अ‍ॅडमिरलला दोन तारे, व्हाइस अ‍ॅडमिरलला तीन, अ‍ॅडमिरलला चार. अष्टकोन तिघांनाही एकच.