दावणीवरील सांथ

बैल मेला कीं शेतकऱ्याचा हंगामच बुडे. बुळकांडीची सांथ गांवांत शिरली म्हणजे दावणी ओस पडत आणि पेरणीच्या तोंडावर औतास जोडी उरत नसे. परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें शिक्षण सुरू झालें. १८८९ मध्यें पुण्यास प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्यें ती, रोगजंतु वस्तीपासून दूर राहावेत म्हणून, हिमालयांतील मुक्तेश्वरास गेली.

परंतु विद्या गोठ्यापर्यंत पोहोंचणें अवघड होतें. धडधाकट जनावरास सुई कां टोंचावी, हें शेतकऱ्यास पटवावें लागे. घटसर्प व फऱ्या पावसाळ्यांत उसळतात, म्हणून लस मृगापूर्वींच हवी, हा धडा तो हळूहळू शिकला. २०११ सालीं बुळकांडी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. त्या यशांत गोठ्यांतील या शिक्षणाचाहि वांटा आहे.